आजीची गोष्ट, विद्यार्थ्याचे गाडीभाडे

रशियातल्या अनेक विद्यापीठांत रशियन भाषा आणि साहित्य शिकणाऱ्या मुलांना पहिल्या-दुसऱ्या वर्षानंतरच्या उन्हाळ्यात खेड्यात पाठवतात. अभ्यासक्रमात याचे नाव ‘फोल्क्लोर्नाया प्राक्तिका’, म्हणजे लोकसाहित्याचे प्रात्यक्षिक. दहा-पंधरा विद्यार्थी, एक-दोन शिक्षक आणि मुक्कामाला बहुधा गावातली शाळा. जुलैत शाळांना सुट्टी असते, त्यामुळे बाके भिंतीशी सरकवून वर्गातच पथाऱ्या पसरता येतात. सकाळी न्याहारी उरकली की दोघादोघांच्या जोड्या घरोघर निघतात. पिशवीत रेकॉर्डर, वही, प्रश्नावली आणि ज्या घरी बसायचे तिथल्या बाईंसाठी चहाचा पुडा, थोडी मिठाई. दिवसभर जे ऐकले ते संध्याकाळपासून उतरवून काढायचे. दोनेक आठवडे हा क्रम चालतो. परतताना गटाजवळ गाणी, कोडी, लग्नातल्या रीती, भुताखेतांच्या हकिगती, गुरांचे मंत्र, मृतासाठी गायचे विलाप असा बराच ऐवज जमलेला असतो.

खर्च पाहू गेले तर फार नाही. रेल्वेचे ‘प्लात्स्कार्त’चे तिकीट, म्हणजे आपल्याकडच्या स्लीपर डब्यासारखे, पुढे बसभाडे, शिधा, बॅटऱ्या. पण तेवढे पैसेही विद्यार्थ्याच्या खिशात नसतात, ते कुणीतरी द्यावे लागतात. आणि जो देतो त्याला काहीतरी विशिष्ट ऐकायचे असते. गेल्या पावणेदोनशे वर्षांत रशियन खेड्याला कोणते प्रश्न विचारले गेले आणि कोणते टाळले गेले, हे पुष्कळ वेळा थैली कुणाची आहे यावर ठरले.

या वाटेवरचा पहिला लक्षात राहणारा माणूस विद्यार्थीच होता. पावेल याकुश्किन हा ओर्योल प्रांतातल्या जमीनदाराचा मुलगा, आई भूदास घराण्यातली. मॉस्को विद्यापीठात तो गणित शिकत होता. लोकगीतांचे संग्राहक प्योत्र किरेयेव्स्की यांच्या नादाने त्याने १८४०च्या दशकात शिक्षण अर्धवट सोडले आणि फेरीवाल्याची पेटी पाठीवर घेऊन तो गावोगाव हिंडू लागला. पेटीतला किरकोळ माल नावापुरता, खरा धंदा गाणी टिपून घेण्याचा. अंगात शेतकऱ्याचा सदरा आणि डोळ्यांवर चष्मा, हे ध्यान पोलिसांच्या नजरेत भरले नसते तरच नवल. १८५९मध्ये प्स्कोव्ह शहरात त्याला पकडून कोठडीत टाकले. ते प्रकरण वर्तमानपत्रांत गाजले, पण सरकारचा संशय काही फिटला नाही. १८७२मध्ये समारा शहरात तो वारला तेव्हाही हद्दपारीतच होता.

याकुश्किन पायी हिंडत होता त्याच सुमारास राजधानीत दुसरा, कमी दगदगीचा मार्ग निघाला होता. १८४५मध्ये पीटर्सबर्गला रशियन भूगोल सोसायटी स्थापन झाली आणि तिच्या मानववंश विभागाने एक प्रश्नावली छापून तिच्या सात हजार प्रती प्रांतोप्रांती धाडल्या. खेड्यातले धर्मगुरू, शिक्षक, किरकोळ कारकून यांनी उत्तरे लिहून पाठवायची. उत्तरांचे गठ्ठे आले आणि त्यातल्या लोककथा अलेक्सांद्र अफनास्येव यांच्या हाती पडल्या. शब्दकोशकार व्लादिमीर दाल यांनीही आपला कथांचा साठा त्यांच्या हवाली केला. १८५५ ते १८६३ या काळात आठ भागांत निघालेल्या अफनास्येव यांच्या संग्रहात सुमारे सहाशे कथा आहेत, पण त्यांनी स्वतः लोकांकडून ऐकून टिपलेल्या कथा हाताच्या बोटांवर मोजण्याएवढ्या. कोंबडीच्या पायांवर उभ्या असलेल्या झोपडीतली बाबा यागा आणि शहाणी वासिलिसा, स्वस्त सोव्हिएत पुस्तकांतून मराठी घरांतही पोचलेली ही मंडळी याच संग्रहातली. व्लादिमीर प्रॉप यांनी पुढे १९२८मध्ये याच संग्रहातल्या शंभर कथा घेऊन अद्भुतकथेतल्या ३१ क्रिया दाखवून दिल्या आणि जगभरच्या लोककथा-अभ्यासाला वळण लावले. म्हणजे गावाला पाय न लावताही मोठे काम होते. त्रुटी एवढीच, की कथा कुणी सांगितली, कशी सांगितली, सांगणारी मध्येच कुठे हसली की रडली, याचा या कागदांवर मागमूस नाही.

ती त्रुटी भरून निघाली सरकारच्या एका शिक्षेमुळे. पावेल रिब्निकोव हा मॉस्को विद्यापीठाचा पदवीधर राजकीय संशयावरून १८५९मध्ये उत्तरेकडे पेत्रोझावोद्स्कला धाडला गेला. तिथे त्याला सरकारी आकडेवारी गोळा करण्याचे काम मिळाले. १८६०मध्ये ओनेगा सरोवरातून नावेने जात असताना वादळी वाऱ्यामुळे त्याला एका बेटावर रात्र काढावी लागली. शेकोटीशी डोळा लागला होता, तो एका विलक्षण चालीने जागा झाला. शेजारी बसलेला म्हातारा शेतकरी बिलीना गात होता. बिलीना म्हणजे कीव्ह आणि नोव्हगोरोदच्या वीरांची दीर्घ कथागीते. मराठी वाचकाने पोवाडा डोळ्यांसमोर आणावा, फक्त डफ-तुणतुण्याविना, संथ आणि बहुधा एकट्याने गायिलेला. ही परंपरा केव्हाच विझली असे विद्वान धरून चालले होते. रिब्निकोवने १८६१पासून संग्रह छापायला सुरुवात केली तेव्हा काहींना तो बनाव वाटला. सरकारने हद्दपारीच्या रूपाने दिलेली शिष्यवृत्ती, असे या प्रकाराला म्हणायला हरकत नाही.

खातरजमा करायला १८७१च्या उन्हाळ्यात अलेक्सांद्र गिल्फेर्दिंग हे स्लाव्ह विद्येचे अभ्यासक ओनेगाला गेले. दोन महिन्यांत ७० गायकांकडून त्यांनी ३१८ गीते उतरवली. काम करताना त्यांच्या ध्यानात आले, की गायकाला नुसते शब्द सांगायला लावले तर छंद मोडतो, ओळी आखडतात. म्हणून त्यांनी गातानाच लिहून घ्यायची पद्धत ठेवली, आणि संग्रहही विषयवार न लावता गायकवार लावला. कोण गातो याला इतके महत्त्व आधी कुणी दिले नव्हते. पुढच्याच वर्षी ते पुन्हा निघाले, पण वाटेत कार्गोपोल या गावी तापाने त्यांचा मृत्यू झाला. हे कार्गोपोल पुढे पुन्हा येणार आहे.

पैसे देऊन माहिती गोळा करण्याचा सर्वांत मोठा खासगी प्रयोग केला प्रिन्स व्याचेस्लाव तेनिशेव या उद्योगपतीने. शेतकऱ्यांवर राज्य करणाऱ्या अधिकाऱ्यांना शेतकऱ्यांबद्दल काहीच ठाऊक नसते, असे त्याचे मत होते, आणि ते खोटे नव्हते. १८९७पासून त्याच्या मानववंश कचेरीने मध्य रशियातल्या २३ प्रांतांत शेकडो बातमीदार नेमले आणि मजकुरानुसार मानधन दिले. प्रश्नावली शेकडो कलमांची. तीत लग्ने, बाळंतपणे, भुतेखेते होतीच, पण त्याहून ठळकपणे कर भरणे, कोर्टकचेऱ्या, वरिष्ठांशी वागणूक, दारू, चोऱ्यामाऱ्या होत्या. प्रशासकाला जे हवे तेच तीत विचारले होते. तीन-चार वर्षांत कचेरी बंद पडली, पण आलेले कागद पीटर्सबर्गच्या मानववंश संग्रहालयात आहेत, आणि १९व्या शतकाअखेरचे रशियन खेडे पाहायचे तर आजही अभ्यासक आधी तिकडे वळतात.

विद्यार्थ्यांच्या मोहिमेचा नमुना मात्र घालून दिला बोरीस आणि यूरी सोकोलोव या जुळ्या भावांनी. जन्म १८८९चा, मॉस्को विद्यापीठात शिकत असताना १९०८ आणि १९०९च्या उन्हाळ्यात ते नोव्हगोरोद प्रांतातल्या बेलोझेर्स्क भागात गेले. १९०५च्या क्रांतीला फार दिवस झाले नव्हते. शहरातून आलेली, वहीत लिहून घेणारी तरुण पोरे म्हणजे चळवळे असणार, असा गावकऱ्यांचा कयास. तो निवळायला वेळ द्यावा लागला. त्यातून १९१५मध्ये निघालेल्या ग्रंथात दीडशेहून अधिक कथा, शिवाय गाणी, आणि कथा सांगणाऱ्यांची छोटी शब्दचित्रे आहेत. कुणी विनोदी, कुणी धार्मिक वृत्तीचा, कुणी सैन्यातून परतलेला. ज्याचा स्वभाव जसा, तशी त्याची कथा. यूरी सोकोलोव यांनीच पुढे १९३८मध्ये मॉस्कोत लोकसाहित्याचा स्वतंत्र विभाग सुरू केला आणि उन्हाळी प्रात्यक्षिक अभ्यासक्रमात रुजले.

सोव्हिएत काळात थैली एकच, सरकारची. विद्यार्थ्यांना बाहेर पडायला ही व्यवस्था सोयीची होती; शरद ऋतूत बटाटे काढायला सामूहिक शेतावर जावे लागे तसेच उन्हाळ्यात गाणी गोळा करायला. १९२६ ते १९२८ या काळात सोकोलोव बंधूंनी ‘रिब्निकोव आणि गिल्फेर्दिंग यांच्या मागावर’ नावाने ओनेगाची मोहीम काढली आणि जुन्या गायकांच्या मुलानातवंडांकडून तीच गीते पुन्हा नोंदवली. अर्धशतकात गीत कसे बदलते हे दाखवणारे असे साहित्य फार थोड्या देशांत आहे. पण १९३०च्या दशकात प्रश्नावली पालटली. जुन्या वीरांच्या चालीवर नव्या नेत्यांची गीते हवीत, असा आग्रह सुरू झाला. श्वेत समुद्राच्या काठची मार्फा क्र्युकोवा ही अस्सल बिलीना-गायिका; तिच्याकडून लेनिनवर गीत रचून घेण्यात आले, तिला सोव्हिएत लेखक संघाचे सभासदत्व मिळाले. अशा रचनेला ‘नोविना’, म्हणजे नवे गीत, असा शब्दही घडवला गेला. ही गीते आज वाचवत नाहीत. उलट मंत्र, धार्मिक पदे, घरातले-रानातले अदृश्य रहिवासी हे सगळे अंधश्रद्धेच्या खात्यात गेले. काही जणांनी ते नोंदवले, पण छापून येणे अवघड होते.

त्या काळातही एक मोहीम वेगळी निघाली. भाषाशास्त्रज्ञ निकिता तोल्स्तोय, लेखक टॉलस्टॉय यांचे पणतू, यांनी १९६०च्या दशकापासून बेलारूस-युक्रेनच्या सीमेवरच्या पोलेस्ये या दलदली प्रदेशात विद्यार्थ्यांचे गट नेले. ठरलेली गावे, प्रत्येक गावी तीच प्रश्नावली, म्हणजे एखादी समजूत कुठून कुठवर पसरली आहे हे नकाशावर मांडता येते. १९८६मध्ये चेर्नोबिल झाले. नकाशावरची काही गावे रिकामी करण्यात आली आणि त्या गावांतल्या आठवणी आता मॉस्कोच्या पोलेस्ये संग्रहातल्या कार्डांवरच उरल्या आहेत.

१९९०च्या दशकात सरकारी पैसा आटला आणि अनुदानांचा काळ सुरू झाला. १९९४मध्ये स्थापन झालेल्या रशियन मानव्यविद्या निधीत मोहिमांसाठी वेगळा वर्ग होता. जॉर्ज सोरोस यांच्या संस्थांचे पैसे आले, पाश्चात्त्य विद्यापीठांचेही आले. याच काळात मॉस्कोच्या रशियन राज्य मानव्यविद्या विद्यापीठाने १९९३पासून दर उन्हाळ्यात विद्यार्थी कार्गोपोलला न्यायला सुरुवात केली, जिथे गिल्फेर्दिंग वारले त्याच कार्गोपोलला. आता वरून बंधन नव्हते. जे साठ वर्षे विचारले नव्हते तेच आधी विचारले गेले.

कार्गोपोलजवळच्या ओशेवेन्स्क गावचे उदाहरण पाहण्यासारखे आहे. तिथे १५व्या शतकात अलेक्सांद्र ओशेवेन्स्की या संताने मठ स्थापला. गावातून खालुय नावाची नदी वाहते, आणि वस्तीजवळ येताच ती जमिनीत गडप होऊन पुढे पुन्हा वर येते. खाली चुनखडीचा दगड आहे, हे भूगर्भशास्त्राचे कारण. गावाचे कारण निराळे: संताला गावकऱ्यांनी थारा दिला नाही, तेव्हा तो म्हणाला, पाण्याजवळ राहाल पण पाण्यावाचून राहाल. विद्यार्थ्यांनी ही हकिगत एकदा नव्हे, घरोघरी, वर्षानुवर्षे नोंदवली. एकीच्या सांगण्यात संताने पाणी मागितले, दुसरीच्या सांगण्यात जागा मागितली. शापाचे शब्द मात्र जवळजवळ तेच. एका माणसाकडून ऐकली तर ती गोष्ट असते. पन्नास जणांकडून ऐकली की गावाच्या स्मरणशक्तीची कार्यपद्धती दिसू लागते. त्यासाठी पुन्हा जावे लागते, म्हणजे पुन्हा गाडीभाडे. या कामातून २००९मध्ये कार्गोपोल प्रदेशाची लोकसाहित्य-मार्गदर्शिका निघाली.

घरात शिरल्यावर काय होते हे पाहिले की या कामाला वेळ का लागतो ते उमगते. नवशिका विद्यार्थी विचारतो, ‘आजी, तुम्हाला लोककथा येतात का?’ उत्तर ठरलेले: ‘मला कसल्या येतात, बाळा, ज्यांना यायच्या त्या गेल्या सगळ्या.’ तयार विद्यार्थी विचारतो, ‘नवी गाय आणली की गोठ्यात कशी नेता?’ मग आजी उठून दाखवायलाच लागते. उंबऱ्यावर कमरेचा पट्टा टाकायचा, गाईने तो ओलांडायचा, आणि गोठ्याच्या धन्याला म्हणायचे की ही तुझी, हिला नीट सांभाळ. हा धनी कोण? तर गोठ्यात राहणारा, कुणाच्या दृष्टीस न पडणारा. पुस्तकांत घरातल्या अशा रहिवाशाला ‘दोमोवोय’ म्हणतात. उत्तरेकडच्या म्हाताऱ्या बायका नुसतेच ‘खोझ्याइन’, धनी, म्हणतात. घर बदलताना त्यालाही बरोबर यायचे आमंत्रण द्यायचे, आणि तो जुन्या बुटात बसून येतो, असे सांगणारे पुष्कळ भेटतात. आपल्या वास्तुपुरुषाचा हा लांबचा आप्त वाटावा, पण याचा स्वभाव अधिक खोडकर. आवडला नाही तर घोड्याच्या आयाळीत गुंते करून ठेवतो.

गुराख्याची गोष्ट आणखी गुंतागुंतीची. वसंतात येगोरी संताच्या दिवशी, ६ मेच्या सुमारास, गुरे पहिल्यांदा रानात सोडतात, तीही झावळ्यांच्या रविवारी चर्चमध्ये मंतरून आणलेल्या विलोच्या फांदीने हाकून. उत्तरेच्या रानात अस्वले आणि लांडगे आहेत, त्यामुळे गुराखी रानाच्या धन्याशी करार करून ‘ओत्पुस्क’ नावाचा मंत्र घेत असे. करार पाळायचा तर उन्हाळाभर केस कापायचे नाहीत, रानातली बोरे तोडायची नाहीत, रक्त सांडायचे नाही. मंत्राचा कागद कुठे लपवला ते कुणाला सांगायचे नाही. ही सगळी माहिती देणारा निवृत्त गुराखी नेमका मंत्राशी येऊन थांबतो, आणि इथे विद्यार्थ्याचे वय कामाला येते. मंत्र मोठ्याने लहानाला द्यायचा. थोरल्या वयाच्या माणसाला सांगितला तर त्याची शक्ती जाते, असा समज सर्वत्र आहे. पन्नाशीच्या प्राध्यापकाला जे मिळत नाही ते अठरा वर्षांच्या मुलीला कधीकधी सहज मिळते. दात पडलेल्या माणसाचा मंत्र चालत नाही, असाही समज आहे. त्यामुळे ‘आता माझे दात गेले, आता सांगायला हरकत नाही’ म्हणणारेही निघतात. आणि काही जण साफ नकार देतात. नकाराचा मान राखायचा, रेकॉर्डर बंद करायचा, हेही प्रशिक्षणात येते.

रेकॉर्डरचाही एक इतिहास आहे. येव्हगेनिया लिन्योवा यांनी १८९७पासून मेणाच्या नळकांड्यांच्या फोनोग्राफवर शेतकऱ्यांची समूहगीते मुद्रित केली आणि पेन्सिलीला न सापडणारी गोष्ट पकडली: गाणाऱ्या बायका एकच चाल गात नाहीत, प्रत्येकीचा सूर वेगळ्या वाटेने जातो आणि शेवटी एकत्र येतो. पीटर्सबर्गच्या ध्वनिसंग्रहालयातल्या अशा जुन्या मुद्रणांना युनेस्कोने २००१मध्ये जागतिक स्मृतीच्या यादीत घेतले. आज यंत्र खिशात मावते, पण श्रम कमी झालेले नाहीत. एक तासाचे बोलणे जसेच्या तसे उतरवायला नवख्याला पाच-सहा तास सहज लागतात. मॉस्कोची रशियन शिकलेल्या मुलाला उत्तरेचा ‘ओ’कार आणि तिथले शब्द आधी कानात बसवावे लागतात. प्रत्येक नोंदीला सांगणाऱ्याचे जन्मवर्ष, जन्मगाव, सध्याचे गाव आणि नोंदवणाऱ्यांची नावे जोडावी लागतात. ती नसतील तर नोंद संग्रहात जमा होत नाही. छापताना सांगणाऱ्याची बहुधा नुसती आद्याक्षरे देतात.

म्हणून चांगली शिष्यवृत्ती प्रवासाच्या पलीकडचे पैसे देते: उतरवण्याच्या वेळेचे, संग्रहात क्रमवार लावण्याचे, आणि जमल्यास पुढच्या वर्षी त्याच घरी परत जाण्याचे. बऱ्याच योजना हे ओळखत नाहीत. गावी जायचे पैसे मिळतात, परत आल्यावर बसायचे मिळत नाहीत, आणि फायली संगणकात तशाच पडून राहतात.

सध्या रशियात हे पैसे वेगवेगळ्या वाटांनी येतात. सक्तीच्या प्रात्यक्षिकाचा खर्च विद्यापीठ करते, कधी पुरता, कधी अर्धामुर्धा. मॉस्कोच्या हायर स्कूल ऑफ इकॉनॉमिक्सने ‘रशियाचा नव्याने शोध’ अशा अर्थाच्या नावाने विद्यार्थी-मोहिमांची स्वतंत्र योजना चालवली. तीत शिक्षक मोहीम सुचवतो आणि विद्यार्थी अर्ज करून निवडले जातात. अर्थशास्त्राच्या किंवा संगणकाच्या मुलालाही तीत लोकसाहित्याच्या मोहिमेवर जाता येते, हा तिचा विशेष. मोठी संशोधन अनुदाने प्राध्यापकाच्या नावे मिळतात आणि त्यांतून विद्यार्थ्यांना सहायक म्हणून घेतले जाते. मानव्यविद्या निधी मात्र २०१६मध्ये दुसऱ्या निधीत विलीन झाला आणि मोहिमांचा वेगळा वर्ग गेला. लहान मोहिमांचे त्याने नुकसानच झाले.

बाहेरच्यांसाठी एक निराळी रीत होती. अमेरिकन फ्रेंड्स ऑफ रशियन फोकलोर यासारख्या संस्था परदेशी स्वयंसेवकांना मॉस्कोच्या अभ्यासकांबरोबर खेड्यांत नेत. अशा मोहिमांचा हिशेब साधारण असा असतो, की स्वयंसेवक आपला वाटा भरतो, त्यातून सर्वांचा खर्च निघतो, आणि ज्या विद्यार्थ्याला वाटा परवडत नाही त्याच्यासाठी शिष्यवृत्ती असते. भाषा न येणारा स्वयंसेवक काय करणार, अशी शंका येते. पण चित्रण, छायाचित्रे, भरतकामाची नोंद यांना हात लागतातच. शिवाय लांबून आलेला पाहुणा दारात उभा राहिला की शेजारच्या बायकाही पाहायला जमतात, आणि एकीला आठवले नाही ते दुसरीला आठवते.

ही वाट आता जवळजवळ बुजली आहे. सोरोस यांच्या संस्थेला २०१५मध्ये आणि फुलब्राइट शिष्यवृत्ती राबवणाऱ्या इन्स्टिट्यूट ऑफ इंटरनॅशनल एज्युकेशनला २०२४मध्ये रशियाने ‘नकोशा’ संस्थांच्या यादीत टाकले; २०२२च्या युक्रेन युद्धानंतर युरोपातल्या अनेक विद्यापीठांनी रशियन विद्यापीठांशी सहकार्य थांबवले. पाश्चात्त्य विद्यार्थ्याला रशियन परंपरा अभ्यासायची तर आता रशियाबाहेरच्या वस्त्या उरतात: एस्टोनियात पेइपस सरोवराकाठचे, रुमानियात डॅन्यूबच्या मुखाशी राहणारे किंवा अमेरिकेत ओरेगनमधले जुन्या पंथाचे लोक. सतराव्या शतकातल्या धर्मसुधारणेला नकार देऊन त्यांच्या पूर्वजांनी गावे सोडली, आणि सोडताना गाणी बरोबर नेली. त्यामुळे कधीकधी जे मूळ गावी विसरले गेले ते ओरेगनमध्ये ऐकू येते.

घाई करण्याचे खरे कारण मात्र राजकारण नाही. २०१०च्या जनगणनेत रशियात सुमारे १ लाख ५३ हजार खेडी नोंदली गेली. त्यातल्या १९ हजारांहून अधिक खेड्यांत एकही माणूस राहत नव्हता आणि आणखी ३६ हजारांत दहा किंवा त्याहून कमी माणसे होती. ‘भवितव्य नसलेली खेडी’ असा शिक्का मारून सोव्हिएत नियोजनाने लहान गावांतल्या शाळा, दुकाने बंद केली, त्याचा हा परिणाम बराच. प्रश्नावली हाती घेऊन गेलेल्या गटाला कुलपे लागलेली घरे आणि उन्हाळ्यापुरते आलेले शहरी नातू भेटतात. या नातवंडांनाही विचारावे, ते आजीचे काय मानतात आणि काय नाही, असे आताचे शिक्षक सांगतात. जुनी मंडळी संपली म्हणजे विषय संपला, हे मत १८६०मध्येही चुकीचे ठरले होते.

भारतीय विद्यार्थ्याला दार उघडे आहे, पण ते वेगळे. रशियन सरकार परदेशी विद्यार्थ्यांसाठी दरवर्षी शिष्यवृत्तीच्या जागा ठेवते आणि भारतात त्याची माहिती मुंबईच्या पेडर रोडवरच्या रशियन हाउससारख्या केंद्रांतून मिळते. शिकवणी शुल्क माफ होते, लहानसा मासिक भत्ता मिळतो. विमानभाडे आणि विमा स्वतःचा. भाषा येत नसेल तर आधी एक वर्ष रशियनच्या तयारीत जाते. भाषा-साहित्याच्या विद्याशाखेत प्रवेश मिळाला, तर जिथे उन्हाळी प्रात्यक्षिक आहे तिथे तेही पदरात पडते. मुंबई विद्यापीठात किंवा पुण्याच्या रानडे इन्स्टिट्यूटमध्ये रशियन शिकलेल्यांची निम्मी वाट आधीच सरलेली असते. उलट दिशेचा प्रवास तर जुनाच आहे: पीटर्सबर्गचे प्राच्यविद्या पंडित इवान मिनायेव यांनी १८७५मध्ये कुमाऊंच्या डोंगरांतल्या लोककथा गोळा करून पुढच्याच वर्षी त्या रशियनमध्ये छापल्या. त्यांचे शिष्य सेर्गेय ओल्डेनबुर्ग यांनी पुढे रशियन भूगोल सोसायटीच्या लोककथा समितीचे प्रमुखपद सांभाळले. रशियातून भारताकडे कथा शोधायला माणसे आली. इकडून तिकडे फारशी कुणी गेलेली नाहीत.

अर्जात ‘रशियन संस्कृतीची आवड’ लिहून भागत नाही. कोणता जिल्हा, कोणता एक विषय, त्यावर आधी कुणी काय नोंदवले आहे, नोंदी कोणत्या संग्रहात जमा होणार आणि यजमान शिक्षक कोण, एवढे स्पष्ट असावे. ‘वोलोग्दा प्रांतातले सण’ हा विषय नव्हे. ‘एका तालुक्यात गुरे रानात सोडण्याचा दिवस’ हा विषय आहे. परदेशी पाहुण्याच्या मुक्कामाची सरकारदरबारी नोंद यजमानाला ठरावीक मुदतीत करावी लागते, त्यामुळे शिक्षकाचे पत्र आधी हवे, तिकीट नंतर. सरकारी शिष्यवृत्तीची अर्जप्रक्रिया साधारण शरद ऋतूत सुरू होते, आणि पुढे व्हिसा, तयारीचे वर्ष, पहिले सत्र असे टप्पे लागतात. आज रशियनची लिपी गिरवायला बसणाऱ्याने आजीच्या टेबलाशी पोचायला निदान तीन उन्हाळे धरून चालावे.